बुचांची कंपनी

नवीन कंपन्यांच्या शेअरचे फॉर्म भरायचं वेड नव्वदनंतर आमच्या भाजीबाजारापर्यंत आलं. माझा धाकटा भाऊ मुंबईला एका कचेरीत कारकून होता. एका रविवारी तो वसईच्या बाजारात माझ्या टोपलीसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाय, डब्यात ठेवलेल्या पैशाला पिल्लं होत नाहीत. कंपनीत घाल."

मी वांगी पुसत होते. "काय करते ती कंपनी?"

"औषधाच्या बाटल्यांची बुचं."

"मग घालते. मानसं आजारी पडायची थांबत नाहीत."

माझ्या शेजारी बसून मेथी विकणारी बाई होती. आम्ही दोघी एकाच रिक्षाने माल आणायचो, एकाच डब्यात जेवायचो. ती म्हणाली, "मला पन भर रे एक फॉर्म. ही श्रीमंत झाली तर माझ्याकडनं मिरच्या पन घ्यायची नाही." भावाने दोघींचे फॉर्म भरले. इंग्रजीतलं सगळं त्याने लिहिलं, सह्या आम्ही केल्या. माझं शिक्षण चौथी. सही करते, पेपर वाचते, हिशेब तोंडी करते. बोलताना मी पानी म्हणते आणि लिहिताना पाणी लिहिते, कारण शाळेतल्या बाईंनी ते छडीने बसवलं.

आम्हा दोघींना शेअर लागले. जाड कागद, कडेला नक्षी, मध्ये माझं नाव. नवरा वारल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, मुलगी शाळेत होती. माझ्या एकटीच्या नावावर तोपर्यंत रेशनकार्ड सोडलं तर काही नव्हतं. पुढल्या वर्षी लाभांशाचं पहिलं पाकीट आलं. रक्कम किरकोळ होती. पण ती मिळायला मी पहाटे उठले नव्हते, टोपली उचलली नव्हती, कुणाशी घासाघीस केली नव्हती. असा पैसा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मग भावाला सांगून आणखी दोन-तीन कंपन्यांचे घेतले. कागद त्याच्या लोखंडी कपाटात ठेवायला दिले, कारण माझ्या घरात उंदीर होते.

त्यानंतर वडील गेले. गासला, माझ्या माहेरी, आमची वाडी होती, केळी आणि मोगरा. नालासोपाऱ्याकडून इमारती सरकत सरकत तिथवर आल्या होत्या आणि एक बिल्डर भावाच्या मागे लागला होता. वाडी द्यायची तर बहिणीचं हक्कसोडपत्र लागतं. आमच्याकडे बहीण हक्क सोडते. सोडायचा का, असं तिला कुणी विचारत नाही आणि तीही विचारू देत नाही. हक्क मागितला तर माहेर तुटतं, आणि माहेर तुटलेल्या बाईला सासरचे, गावचे, सगळेच जरा कमी मोजतात. मीही सोडला. मला त्याचं वाईट तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. वाडी बापाची होती.

निबंधकाच्या कचेरीबाहेर बाकावर भाऊ कागदांचा गठ्ठा घेऊन बसला होता. "इथे कर बाय. इथे पन. ह्याच्या मागे पन." मी अक्षर जोडून जोडून सही करते, वेळ लागतो. आत आमचा नंबर पुकारायची वेळ झाली होती आणि वकील घड्याळ बघत होता. मी म्हटलं, "एवढ्या सह्या? मी काय अख्खी वसई देते का?" भाऊ हसला. वकीलही हसला. मी पुढचा कागद घेतला. आत अंगठेही घेतले. मग भावाने हॉटेलात श्रीखंड-पुरी खायला घातली आणि मोरपंखी साडी दिली. हक्क सोडलेल्या बहिणीला साडी द्यायची असते.

पुढच्या वर्षी बुचांच्या कंपनीचं पाकीट आलं नाही. मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "बुडाली ती. मालक पळाला."

त्या काळात खरंच कितीतरी कंपन्या बुडाल्या होत्या. फॉर्म भरून घेतले, पैसे गोळा केले आणि पत्त्यावर कुलूप. पेपरात येत होतं. मी विश्वास ठेवला. भावाच्या सांगण्यावरून घेतलेले शेअर बुडाले म्हणून त्याला अपराधी वाटत असेल, असं वाटून मीच त्याच्या बायकोला म्हटलं, "त्याला काही बोलू नको. नशिबाचा भाग." वर घरचे पोहे कांडून पाठवले. बाकीच्या कंपन्यांचे कागद त्याने मला परत आणून दिले. त्यामुळे तर संशयाला जागाच उरली नाही.

मेथीवाली तोवर बाजारातून उठली होती. मुलाने विरारला जागा घेतली आणि तिला नेलं. आमची गाठ लग्नकार्यात पडायची, तीही कधीमधी. शेअरचा विषय मी तिच्यापाशी काढला नाही. तिचेही बुडाले असणार, मग दोघींनी एकमेकींच्या जखमेवर फुंकर घालत बसायचं कशाला?

मुलगी कॉलेज संपवून कॉम्प्युटरचा कोर्स करायला लागली. त्या दिवाळीत भावाने तिला कॉम्प्युटर घेऊन दिला. सुटे भाग आणून जोडलेला, पण चालणारा. रिक्षातून उतरवताना तो सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मामा आहे मी. भाचीसाठी एवढं नाही करनार?" आळीने ऐकलं. मीही ऐकलं आणि मला बरं वाटलं. मी त्या कॉम्प्युटरवर जुन्या साडीचं आच्छादन शिवून घातलं.

मुलीला सातिवलीला एका कारखान्यात बिलं टाईप करायची नोकरी लागली. घरी आली की कॉम्प्युटरवर बसायची. नेट लावलं की फोन बंद. वीज ठरलेल्या वेळी जायची, मग दोघी काळ्या पडद्याकडे बघत बसायचो.

त्याच सुमारास माझी पाकिटं हरवायला लागली. आजूबाजूला नव्या इमारती झाल्या, पोस्टमन बदलला, माझं पत्र कुणाच्या तरी तळमजल्यावरच्या पेटीत पडायचं. कोणत्या कंपनीने लाभांश दिला आणि कोणत्या कंपनीने दिलाच नाही, हे मला कळेना. मी कुरकुर करत होते तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, हे सगळं नेटवर असतं. प्रत्येक कंपनीचं पान असतं. पण एकेक उघडून बघायला वेळ जातो. मी एक स्क्रिप्ट लिहिते."

"ती काय असते?"

"कॉम्प्युटरला लिहून दिलेलं काम. ह्या पानावर जा, लाभांशाची ओळ शोध, तेवढीच घेऊन ये. मग दुसऱ्या पानावर जा."

"म्हनजे भाजी निवडायची. देठ टाकायचे, पानं ठेवायची."

"अगदी तेच."

तिने लिहायला घेतलं. पहिल्यांदा काहीच आलं नाही. मग सगळंच आलं, जाहिरातींसकट. मी म्हटलं, "ही तर मुळं मातीसकट उपटून आनलीस." ती चिडली, मग हसली. रोज थोडं थोडं करत बसली. मी मागे लसूण सोलत बसायचे. ती मला विचारायची, मी सांगायचे. तारखा दोन येत होत्या, जाहीर केल्याची आणि दुसरी एक. तिला दुसरी कळेना. मला ती पाकिटातल्या कागदांमुळे आणि भावाच्या सांगण्यामुळे ठाऊक होती. त्या तारखेला शेअर ज्याच्या नावावर, लाभांश त्याला. मी म्हटलं, "सकाळी म्हैस ज्याच्या दावनीला, दूध त्याचं. काल विकली असशील तर भांडं घेऊन जायचं नाही." तिने ते हसत हसत लिहून घेतलं आणि दोन्ही तारखांचे रकाने केले.

एका रविवारी ते चाललं. कंपनीचं नाव, वर्ष, शेअरमागे किती, तारीख. एकाखाली एक, सरळ ओळीत. मला इंग्रजी अक्षरं पाकिटांवरून ओळखू येत होती, तेवढ्यावर मी नावं लावत गेले. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. माझ्या आयुष्यात आम्ही दोघींनी मिळून केलेली ती एकच वस्तू. बाकी मी रांधायचे आणि ती खायची, एवढंच आमचं एकत्र.

मी म्हटलं, "ती बुचांची पन टाक."

"ती बुडाली ना?"

"असू दे. कधी वर आली तर कळेल."

तिने नाव घातलं. तेवढ्यात वीज गेली. चार-पाच दिवसांनी मी बाजारातून आल्यावर विचारलं, "काय झालं तिचं?" ती पाठमोरीच म्हणाली, "काही नाही येत आई. मेलेल्या कंपनीचं कसं येणार?"

यादीत नावही नव्हतं. मला ते बरोबरच वाटलं.

पुढे दर लाभांशाच्या मोसमात आम्ही ती स्क्रिप्ट चालवायचो. न आलेल्या पाकिटांसाठी मुलगी कंपनीला पत्र लिहायची, मग यायची पाकिटं. मी कौतुकाने आळीत सांगायचे, माझ्या मुलीने मला घरात पोस्टमन करून दिला.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा विरारचा, घरचे बरे. मामाने सांगितलं, हॉलचं मी बघतो. त्या दिवसांत मी बँकेत गेले होते, लाभांशाचा चेक भरायला. रांगेत पुढे मेथीवाली. केस पांढरे, तोंड तसंच. म्हणाली, "अगो, तू! कुठल्या कंपनीचा?" मी तिला माझा चेक दाखवला. तिने तिचा दाखवला. "माझा आपल्या बुचांचा. पत्ता अजून विरारचा केला नाही, म्हनून इथे यावं लागतं. तुझा आला का ह्या वर्षीचा?"

मी म्हटलं, "कसला? ती बुडाली."

"बुडाली? तुझं डोकं बुडालं! मधे एकाला एक फुकट दिले त्यांनी. माझे दुप्पट झाले. तुझे नाही झाले?"

रांग पुढे सरकली. खिडकीतल्या माणसाने तिचा चेक घेतला, शिक्का मारला. बुडालेल्या कंपनीच्या चेकवर कुणी शिक्का मारत नाही. ती वळून म्हणाली, "अगो, तुझ्या भावानेच तर भरला होता ना फॉर्म?" मग तिच्याही डोक्यात काहीतरी आलं असावं. तिला मी इतकी वर्षं ओळखते, ती गप्प झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

घरी येऊन मी स्वयंपाक केला नाही. मुलगी कामावरून आली, चप्पल काढली. मी म्हटलं, "ते चालव."

"आत्ता? चहा तरी घेऊ दे."

"चालव. बुचांची दाखव."

ती उभी राहिली. एखादीला माहीत नसतं तेव्हा ती 'का' म्हणून विचारते. हिने विचारलं नाही. तिथेच मला कळलं, तरी मी खुर्ची ओढून बसले, कारण मला बघायचं होतं. तिने स्क्रिप्ट उघडली. कंपन्यांची नावं ओळीने. त्यात बुचांचं होतं. पहिल्या दिवसापासून होतं. फक्त त्या ओळीच्या आधी एक बारीकशी खूण होती, आडव्यात उभ्या रेघा मारल्यासारखी.

"हे काय?"

"ही खूण टाकली की कॉम्प्युटर ती ओळ वाचत नाही. सोडून पुढे जातो."

"कोनी टाकली?"

तिने ओढणीच्या टोकाने पडदा पुसला.

"काढ ती."

तिने काढली आणि स्क्रिप्ट चालवली. बुचांची कंपनी आली. दर वर्षी लाभांश. एकदा शेअर दुप्पट. एकही वर्ष सुटलं नव्हतं. माझ्या घरात, मी शिवलेल्या आच्छादनाखाली, ती कंपनी जिवंत होती आणि मला दिसू नये म्हणून तेवढी खूण पुरली होती.

हळूहळू सगळं बाहेर आलं. ज्या दिवशी तिने नाव घातलं त्याच रात्री, वीज आल्यावर, कंपनी जिवंत दिसली होती. तिने मामाला कारखान्यातून फोन केला. मामाने सांगितलं, शेअर माझ्या नावावर आहेत, तुझ्या आईने सही करून दिले, तिला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं की अडचण होती, फ्लॅटचे पैसे कमी पडत होते, तुझ्या लग्नात सगळं भरून काढीन. तिसऱ्या दिवशी सांगितलं, तुझी आई कशी आहे तुला ठाऊक आहे, ती मला तोडेल. मग तुझ्या लग्नात मामा म्हणून कोण उभं राहील?

"आणि तू खूण टाकलीस."

"तुला त्रास होऊ नये म्हणून, आई."

"मला त्रास आज झाला. त्या दिवशी कुनाला होनार होता?"

ती रडायला लागली. मी तिला थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. भावाने लबाडी केली ती बाकावर, वाडीच्या गठ्ठ्यात शेअरचे कागद सरकवून, घाईत, एकदा. ही दर मोसमात माझ्याशेजारी बसून यादी वाचून दाखवत होती. मी म्हणायचे, "झालं?" ती म्हणायची, "झालं."

दुसऱ्या दिवशी मी नालासोपाऱ्याला भावाकडे गेले. वाडीच्या बदल्यात मिळालेला फ्लॅट, वर आणखी एक खोली पैसे घालून घेतलेली. त्या खोलीत मी सत्यनारायणाला बसले होते, प्रसाद वाटला होता. त्याची बायको चहा घेऊन आली. मी कप हातात घेतला नाही.

"बुचांची कंपनी बुडाली काय रे?"

त्याने बायकोकडे बघितलं. "तू आत जा."

"ती बसेल. मी कांडून पाठवलेले पोहे तिने खाल्ले आहेत."

त्याने उठून दाराची कडी लावली. मग म्हणाला, "बाय, तू हक्क सोडलास ना? मला वाटलं, सोडला म्हनजे सगळ्यावरचा सोडला. वेगळं काय विचारायचं?"

"वाडी बापाची होती, ती सोडली. शेअर माझ्या वांग्यांचे होते."

"आनि तो कॉम्प्युटर काय आभाळातून पडला?"

"माझ्याच पैशाचा कॉम्प्युटर मला देऊन आळीभर ओरडलास ते?"

त्याची बायको एकदम म्हणाली, "वन्सं, मला ठाऊक नव्हतं, देवाशपथ." मी तिला म्हटलं, "तुझ्याकडे नंतर बघते." मग भावाला म्हटलं, "मला पैसे नकोत आत्ता. कंपनी बुडाली नव्हती, मी खोटं बोललो, एवढं हिच्यासमोर म्हन."

तो म्हणाला, "जाऊ दे ना बाय, किती जुनं झालं."

मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "तू पन आता." मी तिसऱ्यांदा सांगितलं नाही. चहा तसाच राहिला.

त्याने त्यातले अर्धे शेअर त्या वरच्या खोलीसाठी कधीच विकले होते. उरलेले माझ्या नावावर करायचे कागद महिन्याभरात कुरिअरने आले. आत चिठ्ठी नव्हती. सगळीकडे त्याची सही होती आणि माझ्या सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या. मी सह्या करण्याआधी प्रत्येक कागद मेथीवालीच्या नातवाकडून वाचून घेतला. मुलगी घरातच होती. तिला वाचायला सांगितलं नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

लग्नात भाऊ मामा म्हणून उभा राहिला. मी नको म्हटलं नाही. मामा लागतो आणि तो भाड्याने मिळत नाही. त्याने आहेर दिला तो मी मुलीकडे दिला, उघडून बघितला नाही. त्या दिवाळीपासून भाऊबिजेला तो आला नाही आणि मीही ताट केलं नाही. लोक विचारतात. मी सांगते, त्याने मला ओवाळणीत माझंच दिलं, म्हणून बंद केलं. ऐकणारे हसतात, त्यांना वाटतं म्हातारी विनोद करते.

मुलगी विरारला असते. कॉम्प्युटर माझ्याकडेच राहिला. पहिली काही वर्षं मी बटण दाबलं की यादी यायची. मग एकदा नुसता रिकामा पडदा आला. मी फोन केला. ती म्हणाली, "त्या साइटने पान बदललं असेल, आई. ओळ जिथे असायची तिथे नसेल आता. मी येऊन नीट करते." आली. अर्धा दिवस बसली, नीट केलं. नातू पलंगावर झोपला होता. पूर्वीसारखी मी मागे लसूण सोलत बसले, पण खुर्ची पुढे ओढून, पडदा पूर्ण दिसेल अशी.

यादी आली. तिने वाचून दाखवली, बुचांच्या कंपनीसकट. मग म्हणाली, "झालं."

मी म्हटलं, "ते लिहिलेलं उघड. आतलं."

तिने उघडलं.

"वर सरक. आता खाली."

ती सरकवत गेली. मला त्यातलं काही वाचता येत नाही. मी फक्त ओळींच्या सुरुवातीला ती खूण शोधत होते.

"बघितलंस ना आई? कुठे नाही."

"अजून खाली."

ती सरकवत राहिली.